डफ, तबकडी आणि श्रेष्ठत्वाचा निवाडा

शिव श्रेष्ठ की शक्ती श्रेष्ठ, हा प्रश्न ज्या मुलखाने केवळ शास्त्री-पंडितांच्या स्वाधीन न करता जत्रेच्या मोकळ्या माळावर, डफाच्या थापेवर आणि तुणतुण्याच्या तारेवर उजाडेपर्यंत खेळवला, त्या मुलखातल्या तरुणांनी जगातला सर्वश्रेष्ठ हिप हॉप अल्बम कोणता या प्रश्नावर मध्यरात्र उलटेपर्यंत वाद घालावा, याचे मला आश्चर्य वाटत नाही. उलट त्या वादात मला एका जुन्या वहिवाटीचा रास्त वारसा दिसतो. सुटीत पुण्याहून आणि सांगलीहून जतला परतलेली माझी पुतणी, पुतण्या आणि त्यांचे स्नेही गच्चीवर बसून हा वाद घालतात, आणि तो अनिर्णीत राहण्याची चिन्हे दिसू लागली, म्हणजे "काका, तुम्ही दोन्ही ऐकलंय, शाहिरीबी आन् हेबी, आता तुम्हीच सांगा की," असे म्हणून निवाड्याचे काम माझ्याकडे सोपवतात. ज्या प्रश्नावर तरुण माणसे मनापासून भांडतात, त्या प्रश्नाला थोरांनी स्मितहास्य करून बगल द्यावी, हे मला अनुचित वाटते. म्हणून त्या प्रश्नाचा मी जितका जमेल तितका विचार केला, आणि माझा निवाडा कारणांसह येथे नमूद करीत आहे.

प्रथम स्थळाची कैफियत सांगितली पाहिजे. जत हे सांगली जिल्ह्याचे पूर्वेकडचे टोक. आदिलशाही अमदानीपासून नांदत आलेल्या डफळे घराण्याचे हे संस्थान साताऱ्याच्या जहागिरींत गणले जात असे. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले, १९४९ साली निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात त्याचा समावेश झाला, आणि त्या जिल्ह्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. दप्तरातील नावे अशी पालटत राहिली, पण माणसांच्या बोलण्यातील दुहेरी वीण पालटली नाही. सरकारी कागद मराठीत, अनेक घरांतील देवाची आळवणी कानडीत आणि बाजारातली घासाघीस दोन्ही भाषांत, असा येथला परिपाठ. गुड्डापूरच्या दानम्मादेवीच्या दर्शनाला कर्नाटकातून पायी येणारे भाविक, मार्गशीर्षात भरणाऱ्या यल्लम्मादेवीच्या यात्रेत चौंडक्यावर गाणारे जोगती, आणि बिरोबाची कथा ढोलावर गाता गाता मध्येच ती गद्यात सांगू लागणारे धनगर ओवीकार, यांच्या सान्निध्यात वाढलेल्या कानाला गाणे आणि बोलणे यांमधली सीमा फारशी कडक वाटत नाही. ओवीकार ज्या क्षणी स्वर सोडून कथनात शिरतो आणि तरीही लय त्याच्या शब्दांना सोडीत नाही, त्या क्षणाचा आनंद ज्याने एकवार घेतला आहे, त्याला रॅपची दीक्षा वेगळी घ्यावी लागत नाही.

श्रेष्ठत्वाच्या वादाचे शास्त्र मात्र आमच्या लोकांनी कलगी-तुऱ्याच्या फडात पक्के केले. तुरेवाल्यांचा पक्ष शिवाचा, म्हणजे पुरुषतत्त्वाचा. कलगीवाल्यांचा पक्ष शक्तीचा, म्हणजे प्रकृतीचा आणि मायेचा. सीमेपलीकडे विजापूर-बागलकोटच्या पट्ट्यात हाच वाद कानडी गीगी पदांच्या मेळ्यांत हरदेशी आणि नागेशी या नावांनी रंगतो. हरदेशी पुरुषाचा मोठेपणा गातो आणि नागेशी स्त्रीचा. एका पक्षाने पुराणातले एखादे कूट भेदिक लावणीतून टाकावे, दुसऱ्याने ते गाऊनच उकलावे आणि उलट सवाल टाकावा, आणि ज्याला जबाब सुचणार नाही त्याने आपला डफ प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावा, असा त्या फडाचा जुना दंडक. या दंडकातील मर्म मला फार उशिरा उमगले. प्रतिपक्षाला उत्तर द्यावयाचे, तर त्याची रचना अक्षरशः कानात साठवावी लागते. तिचे यमक कोठे पडले, तिने कोणता दाखला घेतला आणि कोणता टाळला, हे मित्रापेक्षाही प्रतिस्पर्ध्याला अधिक बारकाईने ऐकावे लागते. शिव-शक्तीचा तंटा आजवर मिटलेला नाही आणि मिटण्याचा संभवही नाही. पण त्या तंट्याने शाहिरांची जीभ पिढ्यानुपिढ्या परजली. सोलापूरचे रामजोशी, होनाजी, सगनभाऊ, परशराम यांच्यापासून आमच्याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली जन्मलेल्या पठ्ठे बापूरावांपर्यंत जी लावणी चालत आली, तिला अशा चढाओढीनेच धार आली. श्रेष्ठत्वाच्या वादाचे खरे फळ म्हणजे त्यातून निपजलेली नवी रचना, ही माझी या प्रकरणातील पहिली धारणा आहे, आणि पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे.

हिप हॉपचा जन्मवृत्तांतही अशाच एका उपेक्षित मुलखातला आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातून महामार्ग काढताना सहस्रावधी रहिवासी विस्थापित झाले होते, आणि मागे उरलेल्या कित्येक इमारती मालकांनीच वाऱ्यावर सोडल्या होत्या. त्या भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांचा खर्च भागवण्यासाठी एक मेळावा भरवला, आणि तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल, ज्याला लोक डीजे कूल हर्क म्हणत, त्याने तेथे तबकड्या वाजवल्या. हे कुटुंब जमैकातून आलेले. गाण्यातील ज्या अल्पशा तुकड्यात गायन थांबून केवळ तालवाद्ये उरतात, त्या तुकड्यावर नाचणारे अधिक खुलतात हे या युवकाने हेरले होते, आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर आळीपाळीने फिरवून तो तुकडा त्याने हवा तितका लांबवला. त्या लांबवलेल्या तालावर प्रारंभी केवळ हाळ्या आणि पुकारे आले. कालांतराने त्यांना यमक आले, आशय आला, वृत्तान्त आला. काही क्षणांचा ताल वाढवून त्यात भाषेसाठी अवकाश निर्माण करणे, एवढ्या एका युक्तीवर ही सारी कला उभी राहिली.

आणि या कलेचे बाल्य संपते न संपते तोच तिनेही आपला कलगी-तुरा मांडला. न्यूयॉर्कमधल्याच क्वीन्स भागात क्वीन्सब्रिज नावाची विस्तीर्ण सरकारी वसाहत आहे. तेथल्या एमसी शॅन याने मार्ली मार्लच्या संगीतावर १९८६ साली आपल्या वसाहतीत ही कला कशी रुजली याचे गाणे केले. ब्राँक्सकरांना त्यात हिप हॉपचे जन्मस्थान बळकावल्याचा सूर ऐकू आला. तसा दावा आपण केलाच नव्हता, असे शॅनचे म्हणणे. परंतु ब्राँक्सच्या केआरएस-वन या कवीने आपल्या बूगी डाउन प्रॉडक्शन्स या संचातर्फे प्रथम १९८६ साली आणि पुन्हा १९८७ साली असे सडेतोड जबाब दिले, आणि दुसऱ्या जबाबात तर क्वीन्सब्रिजचा कारभार आटोपल्याचीच दवंडी पिटली. बहुतेकांनी कौल ब्राँक्सला दिला. आमच्या फडाच्या भाषेत सांगावयाचे, तर क्वीन्सब्रिजचा डफ गेला. त्या वसाहतीत त्या वेळी नासिर जोन्स नावाचा तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा वाढत होता.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी इतर दावेदारांची रुजवात घातली पाहिजे, कारण त्यांतला एकही दावा पोकळ नाही. पब्लिक एनिमी या संचाचा १९८८ सालचा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक' हा अल्बम म्हणजे प्रक्षोभाला दिलेले शिस्तबद्ध रूप होय. भोंगे, कर्कश चीत्कार, जुन्या ध्वनिमुद्रणांचे एकावर एक रचलेले तुकडे यांतून बॉम्ब स्क्वॉड या संगीतकारांनी जो नाद उभा केला, त्यावर चक डीचा धीरगंभीर आवाज सभेतील वक्त्यासारखा येतो. अण्णाभाऊ साठे, अमरशेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या लाल बावटा कलापथकाची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी श्रोत्यांना डफाने सभा आणि सभेने चळवळ कशी पेटते हे समजावून सांगण्याची गरज नाही. केंड्रिक लमार याचा २०१५ सालचा 'टू पिंप अ बटरफ्लाय' हा तर एखाद्या प्रबंधाच्या व्याप्तीचा अल्बम; त्याने जॅझच्या थोर वादकांना सोबत घेतले, आफ्रिकेच्या प्रवासात झालेले मंथन त्यात ओतले, आणि त्यातील एक गाणे पुढे कृष्णवर्णीयांच्या मोर्चांत रस्त्यारस्त्यांवर गायिले गेले. याच कवीच्या पुढील अल्बमला २०१८ साली संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, जे तोवर अभिजात संगीत आणि जॅझ यांच्या बाहेर कधी गेले नव्हते. आणि लॉरिन हिल हिचा १९९८ सालचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'! मातृत्व, प्रेमभंग, स्वाभिमान आणि श्रद्धा यांचे इतके प्रांजळ आणि इतके देखणे चित्रण या कलेत तत्पूर्वी झाले नव्हते. १९९९ साली वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक त्याला मिळाले, आणि हिप हॉपच्या गोटातल्या अल्बमला तो मान प्रथमच लाभला.

या दाव्यांचा निकाल याद्यांवरून लावावा, असे गच्चीवरील मंडळींपैकी काहींचे म्हणणे. २०२२ साली 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने नटोरियस बी.आय.जी. याच्या 'रेडी टू डाय' या अल्बमला हिप हॉपमध्ये अग्रस्थान दिले. २०२४ साली ॲपल म्युझिकने सर्व प्रकारच्या संगीतातील शंभर अल्बमांची यादी केली, तेव्हा तिच्या शिरोभागी लॉरिन हिल होती. याद्यांचा मी अनादर करीत नाही. त्यांमुळे दूर गावातल्या मुलाला काय ऐकावे याची वाट सापडते. परंतु यादी निकाल सांगते आणि कारणे दप्तरातच ठेवते, आणि ज्या निवाड्याची कारणे पक्षकारांना समजत नाहीत, तो त्यांच्या मनाला बांधून ठेवीत नाही.

माझा कौल नासिर जोन्स, म्हणजे नॅस, याच्या 'इलमॅटिक' या अल्बमला आहे. १९ एप्रिल १९९४ रोजी तो प्रसिद्ध झाला, तेव्हा कवीचे वय वीस वर्षांचे होते. सप्टेंबर १९७३ मध्ये जन्मलेला हा मुलगा कूल हर्कच्या त्या मेळाव्याहून जेमतेम महिनाभराने लहान. तो आणि ही कला एकाच वयाची. शाळा त्याने आठवीतच सोडली होती. अल्बमात प्रास्ताविकासह अवघ्या दहा रचना, आणि त्या सर्व मिळून चाळीस मिनिटेही भरत नाहीत. डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप आणि एल.ई.एस. अशा भिन्न प्रकृतीच्या संगीतकारांनी त्याला ताल दिला, तरी त्यांच्या भिन्नतेने अल्बमचा एकजीवपणा भंगत नाही, कारण प्रत्येकाने कवीच्या आवाजाला वाट मोकळी ठेवली आहे. आरंभी आगगाडीचा खडखडाट ऐकू येतो आणि त्यात १९८३ सालच्या 'वाइल्ड स्टाइल' या हिप हॉपवरील आद्य चित्रपटाचे ध्वनी मिसळतात. पुढे एका रचनेच्या अखेरीस कवीचे वडील ऑलू डारा, जे स्वतः जॅझचे वादक, आपल्या कॉर्नेटचे सूर सोडतात. मुखपृष्ठावर कवीच्या बालपणीच्या छायाचित्रात वसाहतीच्या इमारती मिसळलेल्या आहेत. बाप, मुलगा, वस्ती आणि कला यांचे असे एकत्र येणे योजनेने साधत असेल, पण केवळ योजनेने साधत नाही.

या अल्बममध्ये एक रचना कारागृहातील मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. कोणाच्या घरी काय घडले, कोण बदलला, कोण गेला, मागे राहिलेली मुले कोणत्या मार्गाला लागली, असा वस्तीचा वृत्तान्त कवी संथपणे कळवतो. उपदेश करीत नाही, आक्रोश करीत नाही, आणि त्यामुळेच ऐकणाऱ्याच्या मनावरचे ओझे वाढत जाते. जतसारख्या तालुक्यात, जेथून दर हंगामात माणसे ऊसतोडीला परमुलखात जातात आणि गावचा वृत्तान्त त्यांच्यापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी पोचतो, तेथल्या श्रोत्याला हे पत्र परके वाटत नाही. 'इलमॅटिक'चे क्षेत्र काही इमारतींचे आहे. त्याहून मोठ्या जगाविषयी कवी बोलण्याचा आव आणीत नाही. पण त्या मर्यादित क्षेत्राचा जिना, कोपरा, रात्र, भीती आणि हव्यास त्याने इतक्या अचूक शब्दांत आणि यमकांच्या इतक्या गुंतागुंतीच्या विणीत नोंदवले आहेत, की ज्याने ती वसाहत पाहिली नाही त्यालाही तिचा पंचनामा आपल्यासमोर झाला असे वाटते. श्रेष्ठ रचनेची माझी कसोटी हीच आहे, की तिने आपले ठिकाण सोडू नये आणि तरीही ती सर्वांची व्हावी. आणि तिच्यातून काही काढताही येऊ नये व तिच्यात काही घालताही येऊ नये. इतर अल्बम व्याप्तीने थोर असतील. या कसोटीवर मला 'इलमॅटिक' सर्वांच्या पुढे दिसतो.

आणि कलगी-तुऱ्याच्या कानाने ऐकले, तर त्याचे आणखी एक महत्त्व ध्यानी येते. केआरएस-वनला प्रत्युत्तर देण्यासाठी नॅसने हा अल्बम केला, असे मी म्हणत नाही. त्यात तो जुना तंटा उकरून काढलेला नाही. पण १९८७ साली जी वसाहत वादात निरुत्तर झाली असे लोकांनी मानले, तिच्याच एका मुलाने सात वर्षांनी अशी रचना पुढे ठेवली, की क्वीन्सब्रिजचे नाव पुन्हा सन्मानाने घेतले जाऊ लागले. गेलेला डफ परत आला, आणि तो प्रतिपक्षाची निंदा न करता आला. २०२१ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्यायोग्य राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत या अल्बमचा समावेश जाहीर केला. वाद जिंकण्याचा इतका उदात्त मार्ग मला दुसरा ठाऊक नाही.

माझ्या या निवाड्यावर सर्वांत गंभीर हरकत माझ्या पुतणीने घेतली. "काका, तुमच्या या वस्तीत बाई कुठाय?" असे तिने विचारले, आणि कलगीचा पक्ष इतक्या थोडक्या शब्दांत मांडलेला मी क्वचितच ऐकला आहे. 'इलमॅटिक'मधील स्त्रिया कडेकडेने येतात, पुष्कळदा अनादराने येतात, आणि स्वतःच्या आवाजात बोलत नाहीत; वस्तीचा पंचनामा करणाऱ्याने निम्मी वस्ती नजरेआड केली, हा आक्षेप मला मान्य करावा लागतो. लॉरिन हिलचा अल्बम नेमकी ती निम्मी बाजू घेऊन उभा आहे. तरीही मी कौल फिरवला नाही, त्याचे कारण असे, की लॉरिन हिलच्या अल्बमचा अर्धा भार तिच्या गायनाने, त्या अलौकिक कंठाने, पेलला आहे, आणि हिप हॉपचा जो विशेष धर्म, म्हणजे स्वराचा आधार सोडून केवळ लयबद्ध उक्तीवर उभे राहणे, तो 'इलमॅटिक'ने अधिक निष्ठेने पाळला आहे. पुतणीला हे कारण पटलेले नाही. तिचे भिन्न मत मी निवाड्यात नोंदवून ठेवतो, कारण ते नोंदवल्याशिवाय हा निवाडा अपुरा राहील.

हा सारा वाद आमच्यापासून सात समुद्र दूरचा आहे असे कोणी समजू नये. २०१९ साली 'गली बॉय' या चित्रपटाने मुंबईच्या वस्त्यांतील रॅप घराघरांत पोचवला, तेव्हा त्या चित्रपटाशी नॅसचे नाव निगडित होते. त्याच वर्षी त्याच्या मास अपील या संस्थेची भारतीय शाखा निघाली आणि अंधेरीच्या वस्तीतून पुढे आलेल्या डिव्हाइनचा 'कोहिनूर' हा अल्बम तिने प्रसिद्ध केला. मराठीतही ही कला आता पाहुणी राहिलेली नाही. स्वदेशी या मुंबईच्या संचातील एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरे वनातील वृक्षतोडीच्या प्रश्नावर त्या संचाने प्रकाश भोईर या आदिवासी कार्यकर्त्याला सोबत घेऊन २०१९ साली 'द वारली रिव्होल्ट' ही रचना केली. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडीचा ठसका या कलेत आणतो. वाटेगावाहून लहानपणी बापासोबत पायी मुंबईला गेलेल्या अण्णाभाऊंनी मुंबईची छक्कड रचली आणि तीत गावाकडच्या विरहाला स्थान दिले. त्यांच्या वाळवा तालुक्यापासून आमचा जत फार दूर नाही, आणि त्यांच्या शाहिरीपासून हा रॅपही फार दूर नाही.

दूर आहे ते जतचे स्वतःचे बोलणे. येथे दोन भाषांची सरमिसळ एकेका वाक्यात होते, येथे माडग्याळी मेंढ्यांच्या कळपामागे दिवस काढणाऱ्याला ओवीचे दीर्घ आख्यान मुखोद्गत असते, येथली सीमावर्ती गावे २०२२ च्या अखेरीस पाण्याच्या प्रश्नावरून दोन राज्यांच्या वादात वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकली आणि पुन्हा विसरली गेली. या गावांविषयी मंत्री बोलले, वार्ताहर बोलले, नकाशे बोलले. त्या गावांतल्या एखाद्या वीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने टँकरची वाट पाहणारी गल्ली, शाळेतल्या आणि घरातल्या वेगवेगळ्या भाषा, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे रिकामे घर, हे सारे आपल्या लयीत आणि आपल्या शब्दांत अजून पुढे आणलेले माझ्या ऐकण्यात नाही. सामग्री सिद्ध आहे. परंपरा दोन्ही भाषांत सिद्ध आहे. आणि ध्वनिमुद्रणासाठी आता राजाश्रय लागत नाही, खिशातल्या यंत्रावरही आरंभ करता येतो.

म्हणून गच्चीवरच्या त्या मंडळींना माझे सांगणे आहे, की वाद जरूर घाला, आणि प्रतिपक्षाचा अल्बम स्वतःच्या आवडत्या अल्बमपेक्षा अधिक लक्षपूर्वक ऐकून घाला. पण तो याद्यांच्या दाखल्यांनी संपवू नका. कलगी-तुऱ्याच्या फडात जबाब गाऊनच द्यावा लागे, आणि क्वीन्सब्रिजनेही तो तसाच दिला. माझा कौल 'इलमॅटिक'ला आहे आणि तूर्त तो कायम आहे. तो कोणाला फिरवून हवा असेल, मग तो नॅसचा पक्षपाती असो की लॉरिन हिलची अभिमानी, तर त्याने किंवा तिने जतच्या मातीतली, जतच्या दोन्ही भाषांतली, चाळीस मिनिटांची का होईना, स्वतःची रचना पुढे ठेवावी. दुसरा कोणताही पुरावा या प्रकरणात मी ग्राह्य धरणार नाही.